लांब फुलणारे भांगेचे गावरान वाण घरी जपता येतात का?

प्रश्न असा आला आहे: थायलंड, मलावी, कोलंबिया, केरळमधल्या इडुक्कीचे डोंगर अशा उष्ण प्रदेशांत भांगेचे जुने 'सटायव्हा' (उंच, अरुंद पानांचे) लँडरेस, म्हणजे पिढ्यानपिढ्या त्याच भागात लावले गेलेले गावरान वाण, आहेत. ते तीन-चार महिने नुसते फुलतच राहतात. हे वाण इतका वेळ का घेतात? आणि संकरित बियाण्यांपुढे ते मागे पडत चालले आहेत, तर घरी चार झाडं लावून ते जपता येतील का?

मी बरीच वर्षं बियाणे-संवर्धनात आहे. त्यातली काही वर्षं परवान्याखालच्या, धाग्यासाठी आणि बियांसाठी लावलेल्या भांगेच्या शेतात गेली. पहिला प्रश्न मला फार आवडतो, त्यावर मी तासभर बोलू शकतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र सुरुवातीलाच देऊन टाकतो: चार झाडांवर गावरान वाण जपला जात नाही. तुमची कळकळ खरी आहे, म्हणूनच ती चुकीच्या जागी खर्च होऊ नये असं वाटतं. का ते पुढे आकड्यांनी दाखवतो.

त्याआधी कायद्याचं. भारतात भांगेचं झाड घरी लावणं हा गुन्हा आहे. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम ८ नुसार लागवडीला बंदी आहे आणि कलम २० मध्ये त्यासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत शेंड्यांपासून सुटी असलेली पानं आणि बिया येत नाहीत. त्यावरून 'म्हणजे झाड लावलेलं चालतं' असा अर्थ काढणारे मला दरवर्षी भेटतात. तसं नाही. कुंडीतलं एक झाड हीसुद्धा लागवडच. कलम १४ खाली सरकार धाग्यासाठी किंवा बियांसाठी लागवडीला मुभा देऊ शकतं, पण बाल्कनीसाठी ती वाट नाही. बाहेर काही देशांत मर्यादित मोकळीक आहे: जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणशी ३ झाडं, कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी ४, उरुग्वेत घरटी ६. हे आकडे लक्षात ठेवा, गणितात पुन्हा लागणार आहेत.

आता फुलण्याकडे येऊ.

भांग ही 'लहान दिवसाची' वनस्पती. दिवस एका ठरावीक मर्यादेखाली आला की ती पानं काढण्याचं काम आवरतं घेते आणि फुलाकडे वळते. वनस्पती दिवसाची लांबी ओळखतात हे माणसाला पहिल्यांदा नीट कळलं तेसुद्धा याच झाडावरून. ज्युलियन तुर्न्वा नावाच्या फ्रेंच संशोधकाने १९१२ च्या सुमारास भांग आणि जपानी हॉप या दोन वनस्पतींवर प्रयोग केले. ऐन हिवाळ्यात काचघरात उगवलेली रोपं वीतभरही वाढण्याआधी फुलत होती. थंडी, खत, पाणी अशी सगळी कारणं एकेक करून बाजूला पडली आणि शेवटी उरला तो प्रकाशाचा काळ. रात्रीची लांबी महत्त्वाची असावी, इथपर्यंत तो पोचला होता. पुढे पहिल्या महायुद्धात तो मारला गेला आणि काम तिथेच थांबलं. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी 'मेरिलँड मॅमथ' नावाच्या, उन्हाळ्यात काही केल्या न फुलणाऱ्या तंबाखूवर काम करून या गोष्टीला नाव दिलं आणि श्रेयही बहुतांश त्यांच्याकडे गेलं. पुढे १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी दाखवून दिलं की झाड खरं तर मोजतं ते अंधाराला. लांबलचक रात्रीच्या मधोमध थोडा वेळ दिवा लावला की झाडाच्या लेखी ती रात्र मोडली.

आता वेगवेगळ्या अक्षांशांवर वर्ष कसं दिसतं ते पाहा. विषुववृत्तावर बारमाही दिवस सुमारे १२ तास ७ मिनिटांचा. १० अंश उत्तरेला जूनमध्ये १२ तास ४० मिनिटांच्या आसपास, डिसेंबरमध्ये साडेअकरा. म्हणजे अख्ख्या वर्षात फरक तासाभराचा. ५० अंशांवर मात्र जूनचा दिवस सव्वासोळा तासांचा आणि डिसेंबरचा जेमतेम आठ तासांचा.

उत्तरेकडच्या भांगेला पुढे धुकं आणि हिमदव दिसत असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात बी पिकवलं नाही तर संपलं. जे झाड रेंगाळलं त्याचं बीच पुढे गेलं नाही. शेकडो पिढ्या ही चाळणी लागली आणि झटपट फुलून झटपट आवरणारी झाडं उरली. हिंदुकुशच्या रुंद पानाच्या वाणांचंही तसंच, फुलोरा धरल्यावर साधारण सात ते नऊ आठवड्यांत त्यांचं काम होतं. अगदी उत्तरेला तर दिवसाच्या लांबीची वाटच न पाहता वय झालं की फुलणारी रुडरॅलिस भांग आढळते.

विषुववृत्ताजवळ ही घाईच नाही. पाऊस संपतो, पुढे कोरडे महिने पसरलेले असतात, गोठवणारी थंडी येणार नसते. एकदम फुलून मोकळं होण्यापेक्षा थोडं थोडं फुलत राहण्यात तिथे शहाणपण आहे. एका आठवड्यात अवकाळी सर आली आणि पराग धुऊन गेला, तरी पुढच्या आठवड्याचा फुलोरा असतोच. म्हणून या वाणांची मादी झाडं १२ ते १६ आठवडे फुलतात, काही २० आठवडेही. एकाच फांदीवर तळाशी पिकत आलेलं बी आणि शेंड्याला कालच उमललेले पांढरे केसर मी पाहिले आहेत. फुलोराही दाट गच्च नसतो, लांबट आणि मोकळा असतो. दमट हवेत गच्च फुलोऱ्याच्या आत बुरशी बसते, मोकळ्यातून वारा जातो. अरुंद पातींच्या पानांचंही बहुधा हेच कारण. या सगळ्याला मी 'संथपणा' म्हणत नाही. त्या गावच्या वर्षाचा आकार त्या झाडात उतरला आहे, असं म्हणतो.

आणि म्हणूनच ते झाड दुसरीकडे नेलं की अडतं. ५० अंशांवरच्या एखाद्या परसात ते लावलं असं धरा. उन्हाळाभर ते माणसाच्या वर जातं. दिवस १२ तासांवर यायला सप्टेंबरचा शेवट उजाडतो. फुलायला सुरुवात ऑक्टोबरात. तिथून १६ आठवडे मोजा, जानेवारीचा शेवट येतो. तोवर झाड कधीच गोठून गेलेलं असतं. हातात उरतो उंच हिरवा सोटा.

घराच्या आत कृत्रिम प्रकाशावर, जिथे कायदा परवानगी देतो तिथेही, अडचण वेगळ्या रूपात येते. १२ तास उजेड आणि १२ तास अंधार हा संकरित वाणांसाठी रूढ झालेला हिशोब. विषुववृत्ताजवळच्या वाणाला त्याच्या गावी १२ तासांचा दिवस जवळपास बारमाही असतो, त्यामुळे तेवढ्याने त्याला पक्का निरोप मिळत नाही. ते अर्धवट फुलतं, थांबतं, पुन्हा पान काढतं. हे ओळखायची खूण सांगतो. फुलाकडे वळताना पानाच्या पाती कमी होत जातात, नवाच्या सात, सातच्या पाच, पाचच्या तीन, आणि आधी समोरासमोर येणारी पानं एकाआड एक येऊ लागतात. झाड माघारी फिरलं की फुलोऱ्याच्या मधूनच एकपाती, गुळगुळीत काठाचं, भलतंच कोवळं पान डोकावतं. ते पान एकदा ओळखलं की विसरत नाही. त्या झाडाची फसगत झालेली असते.

दुसरी अडचण उंचीची. फुलायला लागल्यावरही हे वाण आठवडेच्या आठवडे उंचावत राहतात, दुप्पट-तिप्पट होतात. तिसरी, मादी झाडावर मधूनच नर फुलं येण्याची. थायलंडकडच्या वाणांत हे बरंच दिसतं. बीज-उत्पादक याला दोष मानतात. मी तसं सरसकट मानत नाही. वाऱ्यावर परागीभवन होणाऱ्या, नर-मादी वेगळ्या असणाऱ्या झाडासाठी, शेजारी नर नसेल तर निदान स्वतःचं बी तरी धरावं, ही शेवटची सोय आहे.

हे वाण मूळ ठिकाणी कसे लावले जात, याची एक चांगली नोंद १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात आहे. सरकारी चौकशी असली तरी शेतीचं वर्णन बारकाईने केलं आहे. बंगालमधल्या नौगाव भागात ऑगस्टमध्ये रोपं टाकत, पावसाळा सरताना ती शेतात लावत आणि पीक निघे पुढच्या वर्षीच्या आरंभी. म्हणजे दिवस आखडत जाणारे महिने बरोबर फुलोऱ्याच्या वाट्याला येत. लागवडीचं वेळापत्रक आणि झाडाचं घड्याळ एकमेकांत असं बसलेलं होतं. शेतातली नर झाडं फुलण्याआधी ओळखून उपटायला एक जाणता माणूस बोलवत, त्याला 'गांजा डॉक्टर' म्हणत. आणि बियाण्यासाठी? कितीही काळजीने नर उपटले तरी एखादा सुटतोच, शेजारच्या शेतातूनही पराग येतो. अख्ख्या भागात हजारो झाडं उभी असताना थोडं थोडं बी धरलं जाई आणि वाण टिके. लँडरेस म्हणजे हा सगळा समूह, हे इथे नीट दिसतं.

आता ते चार झाडांचं गणित.

भांगेत नर आणि मादी झाडं साधारण निम्मी-निम्मी निघतात. जर्मनीतल्या माणसाने ३ बिया लावल्या तर तिन्ही झाडं एकाच लिंगाची निघण्याची शक्यता चारात एक. ४ झाडं लावली तर आठात एक. तेव्हा कधी कधी बी धरायचा प्रश्नच येत नाही.

समजा सुदैवाने १ नर आणि ३ माद्या मिळाल्या. सगळ्या बियांचा बाप एकच. अशा वेळी परिणामकारक समूह-संख्या, म्हणजे विविधता टिकवण्याच्या हिशोबाने ही झाडं खरी किती झाडांइतकी, ते काढायचं सूत्र आहे: नर गुणिले मादी गुणिले ४, भागिले एकूण झाडं. उत्तर येतं ३. प्रत्येक पिढीत विविधतेचा सहावा हिस्सा जातो. अशा पाच पिढ्या, म्हणजे पाच वर्षं, केल्या की सुरुवातीच्या विविधतेपैकी ४० टक्के उरते.

दुसरीकडून पाहा. एखाद्या जनुकाचं एक रूप, समजा मुळांच्या एखाद्या रोगाशी झगडणारं, मूळ समूहात दर दहा प्रतींत एकदा आढळतं. प्रत्येक झाडात दोन प्रती, म्हणजे ४ झाडांत ८. ते रूप त्या आठांत अजिबात न येण्याची शक्यता ४३ टक्के. म्हणजे पाकीट फोडून चार बिया निवडल्या त्याच क्षणी ते जवळपास निम्म्या वेळा हरवलं. तेच ५० झाडं असतील तर १०० प्रती, आणि हरवण्याची शक्यता लाखात तीनपेक्षाही कमी. आम्ही परपरागी, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागाने बी धरणाऱ्या, पिकांचं बी वाढवताना पन्नास-शंभर झाडांचा हट्ट धरतो तो एवढ्यासाठी.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं: 'पण मी सगळ्यात चांगलं झाड निवडून त्याचं बी ठेवेन.' निवड केली की ती तुमची निवड झाली. तुमच्या खोलीत लवकर फुलणारं, बुटकं राहणारं, तुमच्या दिव्याखाली सुखी असणारं झाड तुम्ही निवडणार, नकळत का होईना. पाच-सहा पिढ्यांत तुमच्या हातात तुमच्या खोलीचा वाण असेल. त्यात वाईट काही नाही, पण मग पाकिटावर त्या डोंगराचं नाव लिहू नये. हे मी कळकळीने सांगतो, कारण चुकीच्या नावाची पाकिटं संग्रहात शिरली की पुढच्या माणसाला खरं-खोटं वेगळं करता येत नाही.

खरं नुकसान मूळ गावी होतं आहे. संकरित वाण लवकर पिकतात, म्हणून शेतकरी ते लावतो, त्याला दोष कसा देणार? पण भांगेचा पराग वाऱ्यावर कैक किलोमीटर जातो. एका उतारावर नवं बी आलं की पलीकडच्या उतारावरच्या जुन्या वाणातही पुढच्या हंगामात ते मिसळतं. मोरोक्कोच्या रिफ डोंगरात हे उघड्या डोळ्यांनी दिसतं: 'बेल्दिया' नावाचा तिथला जुना, कोरडवाहू वाण मागे पडला आणि जास्त पाणी पिणारे 'खर्दाला'सारखे संकर पसरले. मी परवान्याच्या शेतात एकदा सकाळी, ऊन तापायच्या वेळी, नर झाडाच्या फांदीला नुसतं बोट लावलं होतं. पिवळसर धुराचा लोट उठला आणि बघता बघता बांधापलीकडे गेला. त्या दिवसानंतर विलगीकरणाचं अंतर (दोन वाणांचा पराग मिसळू नये म्हणून शेतांमध्ये ठेवायचं अंतर) हा शब्द मला कधी कोरडा वाटला नाही.

मग तुमच्यासारख्याने काय करावं? ओळखीच्या कुणाकडून परदेशातून बी मागवू नका, ही पहिली विनंती. बाहेरच्या बियांबरोबर रोग-कीड येऊ नये म्हणून वनस्पती-विलगीकरणाचे नियम आहेत, अमली पदार्थांचा कायदा आहे, आणि त्याहून महत्त्वाचं, ते बी त्या डोंगरातल्या लोकांचं आहे. जैविक संपत्तीच्या वापराबद्दलच्या नागोया या आंतरराष्ट्रीय कराराने लाभात त्यांचा वाटा मान्य केला आहे, तो पाकिटातून गुपचूप बी नेणाऱ्याला लागू नाही असं कुठे म्हटलेलं नाही. वाण जपायचा तर तो दोन ठिकाणी जपला जातो. एक, मूळ जागी, तिथल्याच शेतकऱ्याच्या हातात, त्याला कायद्याची वाट मिळाली तर. दोन, मान्यताप्राप्त बीजपेढीत, उणे १८ अंशांवर. भांगेच्या बीमध्ये जवळपास ३० टक्के तेल असतं, उबदार कपाटात ते दोन-चार वर्षांत खवट होतं आणि उगवण ढासळते. सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव संस्थेत भांगेच्या वाणांचा मोठा संग्रह आहे. तसं काम घराच्या फ्रीजमध्ये होत नाही.

पण तुम्हाला या झाडाचं घड्याळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल, आणि मला वाटतं प्रश्नामागची खरी ओढ तीच आहे, तर त्यासाठी भांगच हवी असं नाही. अंबाडी लावा. धाग्याच्या अंबाडीचं शास्त्रीय नावच 'हिबिस्कस कॅनाबिनस', भांगेसारख्या पानाची म्हणून. तीच हाताच्या बोटांसारखी फाकलेली दातेरी पाती, तोच सरळ सोट, तीच दिवस आखडण्याची वाट पाहणारी प्रकृती. खोडावर बारीक काटे असतात, तेवढे सांभाळा. दिवस साधारण साडेबारा तासांखाली आला की बहुतेक गावरान अंबाड्या कळ्या धरतात. पिवळट पाकळ्या आणि तळाशी गडद किरमिजी डोळा, असं तिचं फूल एका दिवसाचंच असतं.

प्रयोग असा करा. वर्षातले मोठे दिवस चालू असताना दोन मोठ्या कुंड्यांत एकाच पाकिटातलं बी लावा. रोपं पाच-सहा आठवड्यांची झाली की एका कुंडीवर रोज संध्याकाळी पाच वाजता खोका उपडा घाला आणि सकाळी आठला काढा. खोक्याच्या फटी काळ्या कापडाने बुजवा, आणि ऊन तापायच्या आत तो उचललाच पाहिजे. तीन-चार आठवडे एक दिवसही न चुकता. झाकलेल्या कुंडीत पानांच्या बेचक्यात कळ्यांचे ठिपके दिसू लागतील, तेव्हा शेजारची उघडी कुंडी नुसती वाढत असेल. बी एक, माती एक, पाणी एक. फरक फक्त रात्रीचा.

याच्या उलटा प्रयोग मला न करताच पाहायला मिळाला. रस्त्याच्या दिव्याला लागून चढवलेला एक गावरान पावट्याचा वेल होता. तोही लहान दिवसाचाच. दिव्याकडची अर्धी बाजू हिरवीगार, एक फूल नाही. भिंतीआडच्या अंधारातल्या अर्ध्या बाजूवर तुरेच तुरे. मालक खत बदलत होता, फवारे मारत होता. दिव्याच्या बाजूला एक पत्रा आडवा लावायला सांगितलं आणि महिन्याभरात तिकडेही तुरे आले. तुमचा एखादा जुना वाण ऐन हंगामात फुलत नसेल तर आधी रात्री बाहेर जाऊन उजेड कुठून येतो ते बघा.

अंबाडीचा आणखी एक फायदा आहे. ती बहुतांश स्वपरागी आहे, म्हणजे स्वतःच्याच परागाने बी धरते. त्यामुळे भांगेत चार झाडांवर जे साधत नाही ते इथे वीस-पंचवीस झाडांच्या एका छोट्या वाफ्यावर बऱ्यापैकी साधतं. बोंडं वाळून तपकिरी झाली की सकाळच्या दमटपणात हातमोजे घालून काढा, त्यांची बारीक लव कातडीत शिरली की दिवसभर खाज सुटते. प्रत्येक झाडाच्या सारख्याच बिया घ्या, एखादं झाड आवडलं म्हणून त्याच्या जास्त घेऊ नका. सावलीत वाळवा. बी दाताखाली धरून पाहा: वाकलं किंवा दबलं तर अजून ओल आहे, कट्कन फुटलं तर बाटलीत भरा. आणि चिठ्ठीवर वाणाचं नाव, कुणाकडून मिळालं, कोणत्या वर्षी, आणि किती झाडांवरून बी घेतलं तो आकडा लिहा. बीजपेढीत पाकीट आलं की मी आधी तो शेवटचा आकडा वाचतो.